पडीक भूखंड, रहिवाशांचे श्रम आणि भूमीवरील हक्क : न्यूयॉर्कमधील सामुदायिक बागांचा इतिहास (1973–2015)

प्रस्तावना

शहरातील जमिनीचा इतिहास बहुधा मालकी, किंमत आणि बांधकाम या तीन अंगांनी लिहिला जातो. मालकाने टाकून दिलेल्या जमिनीची शेजारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे मशागत केली, तर त्या श्रमांतून त्यांचा तिच्यावर काही हक्क निर्माण होतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. न्यूयॉर्क शहरात तो रस्त्यावर, लिलावाच्या निमित्ताने आणि न्यायालयात उपस्थित झाला. त्या घडामोडींचा आढावा घेऊन या प्रश्नाला कोणते उत्तर मिळाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेत मोकळ्या भूखंडांवर भाजीपाला पिकविण्याची प्रथा जुनी आहे. 1893 च्या आर्थिक अरिष्टानंतर डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी बेरोजगारांना असे भूखंड बटाटे व भाज्या लावण्यासाठी खुले केले. दोन्ही महायुद्धांच्या काळातही नागरिकांना अशा लागवडीचे आवाहन करण्यात आले. मात्र या उपक्रमांमागे एक समान गृहीत होते : जमीन संकटापुरती द्यायची आणि संकट सरताच परत घ्यायची.

1970 च्या दशकातील न्यूयॉर्कचे संकट निराळ्या स्वरूपाचे होते. 1970 ते 1980 या काळात शहराची लोकसंख्या सुमारे 78.9 लाखांवरून 70.7 लाखांवर आली. 1975 मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. घरमालकांनी इमारती सोडून दिल्या, अनेक इमारती आगीत जळाल्या, तर काही पाडण्यात आल्या. थकलेल्या करापोटी हजारो मालमत्ता नगरप्रशासनाच्या ताब्यात आल्या आणि गरीब वस्त्यांत राडारोड्याने भरलेले भूखंड जागोजागी दिसू लागले.

बागांची उभारणी

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात राहणाऱ्या चित्रकार लिझ क्रिस्टी यांनी 1973 मध्ये काही सहकाऱ्यांसह ‘ग्रीन गुरिलाज’ हा गट स्थापन केला. कुंपणाआडच्या पडीक जागांत हा गट बी व खत यांचे गोळे फेकीत असे. पुढे बॉवरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील भूखंडातील कचरा उपसून त्यांनी भाज्यांचे वाफे तयार केले. 1974 मध्ये नगरप्रशासनाने ही जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. 1978 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रीन थंब’ या सरकारी कार्यक्रमाने अशा नाममात्र भाडेपट्ट्यांना व्यवस्थेचे रूप दिले. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी आपल्या बागांत ‘कासिता’ नावाची लहान लाकडी घरे बांधली. तेथे सण, संगीत आणि भोजन यांनिमित्त वस्ती एकत्र येऊ लागली.

या भाडेपट्ट्यांत मात्र जमीन तात्पुरती असल्याचे तत्त्व कायम होते. शहराला गरज भासताच अल्प मुदतीच्या सूचनेनंतर जागा रिकामी करावी लागणार होती.

संघर्षाचे टप्पे

शहर सावरू लागले तसे या अटीचे परिणाम दिसू लागले. पश्चिम 48 व्या रस्त्यावरील क्लिंटन बागेच्या रहिवाशांनी जमिनीचा एकेक चौरस इंच पाच डॉलरला ‘विकून’ निधी व लोकमत उभे केले. 1984 मध्ये ती बाग उद्यान विभागाकडे गेली. याउलट अ‍ॅडम पर्पल यांनी 1975 पासून एकहाती फुलविलेली वर्तुळाकार ‘गार्डन ऑफ ईडन’ जानेवारी 1986 मध्ये घरबांधणीसाठी बुलडोझरखाली गेली. सेंट्रल पार्कमधील घोड्यांची लीद सायकलवरून आणून त्यांनी तेथील माती तयार केली होती.

1999 मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचा लिलाव जाहीर केला. परवडणाऱ्या घरांसाठी जमीन हवी, हा प्रशासनाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. घरांची टंचाई खरी होती. तथापि, इतर रिकामे भूखंड असताना नांदत्या बागाच का, हा बागकऱ्यांचा प्रश्नही तितकाच रास्त होता. लिलावाच्या आदल्या दिवशी ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या संस्थांनी 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन त्या बागा विकत घेण्याचा करार केला.

इतर बागांचे भवितव्य न्यायालयावर अवलंबून होते. दीर्घ वापरामुळे या जागा प्रत्यक्षात सार्वजनिक उद्याने झाल्या आहेत, असा दावा राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी केला. 15 फेब्रुवारी 2000 रोजी पूर्व 7 व्या रस्त्यावरील ‘एस्पेरांसा’ ही बाग पाडण्यात आली. त्याच दिवशी न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला, पण त्या बागेसाठी तो उशिरा आला. पुढे 2002 मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाशी तडजोड होऊन सुमारे चारशे बागांना संरक्षण मिळाले आणि काही भूखंड घरबांधणीसाठी मोकळे झाले.

तत्त्वाचा निवाडा

तडजोडीने बागा वाचल्या, पण मूळ तत्त्वाचा निर्णय झाला नाही. तो 2015 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात झाला. ग्रीनिच व्हिलेजमधील काही मोकळ्या जागांच्या संदर्भात, ज्यांत एक सामुदायिक बागही होती, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शहराने तात्पुरती परवानगी देताना जमिनीवरील आपले नियंत्रण राखले असेल, तर केवळ दीर्घ वापराने ती जागा कायमचे उद्यान ठरत नाही.

या इतिहासात एक विसंगती आहे. इओन व्होइकू आणि व्हिकी बीन यांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, न्यूयॉर्कमधील सामुदायिक बागांमुळे आसपासच्या मालमत्तांच्या किमती वाढल्या आणि ही वाढ सर्वांत गरीब वस्त्यांत अधिक होती. म्हणजेच रहिवाशांच्या श्रमांनी जे मूल्य निर्माण झाले, त्याच मूल्याने त्यांच्या बागांवरील दावे तीव्र केले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रमाने जमिनीवर हक्क मिळतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केले नाही. ज्या बागा टिकल्या त्या निधी, संघटन, न्यायालयीन लढा आणि राजकीय तडजोड यांच्या बळावर टिकल्या. आज ‘ग्रीन थंब’च्या कक्षेत साडेपाचशेहून अधिक बागा आहेत. ही संख्या मोठी असली तरी तिच्यामागे मालकी नव्हे, तर बहुतांशी परवानगी उभी आहे. म्हणून पडीक जमीन नागरिकांच्या हाती सोपविताना तिची मुदत आणि परतीच्या अटी आरंभीच स्पष्ट करणे, हा या इतिहासाचा व्यावहारिक धडा होय. एरवी पहिल्या कुदळीपासूनच पुढील संघर्षाचे बीज पेरले जाते.