गाव सोडलेली गाणी

लोकसंगीत मातीशी बांधलेले असते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु माणसेच माती सोडून जातात तेव्हा त्यांच्या गाण्यांचे काय होते? अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर जानेवारी १९७३ मध्ये निघालेल्या ‘जीपी’ या तबकडीत सापडते, असे आम्हांस वाटते. ग्रॅम पार्सन्स या गायकाचा स्वतःच्या नावाने निघालेला हा पहिला गीतसंग्रह.

कंट्री संगीत हे मूळचे दक्षिणेकडील राज्यांतल्या शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे गाणे. १९३० च्या दशकात मंदी, अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी गांजलेली ओक्लाहोमा परिसरातील असंख्य कुटुंबे कॅलिफोर्नियाला गेली. त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली. बेकर्सफील्ड हे त्या गाण्याचे नवे घर झाले. प्रख्यात गायक मर्ल हॅगार्ड १९३७ मध्ये अशाच एका विस्थापित कुटुंबात जन्मले. तेव्हा हे संगीत पार्सन्सच्या आधीच प्रवासाला निघालेले होते.

पार्सन्स मात्र कष्टकऱ्यांच्या घरातला नव्हता. त्याचा जन्म १९४६ चा, फ्लोरिडातला. बालपण जॉर्जियातील वेक्रॉस या गावी गेले. आईच्या माहेरी संत्र्यांच्या विस्तीर्ण बागा होत्या. पैशाची ददात नव्हती, पण घराला स्वास्थ्य नव्हते. १९५८ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली आणि १९६५ मध्ये आईही गेली. त्याच वर्षी तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला, परंतु तेथे फार काळ टिकला नाही. दक्षिणेतील गाण्याची खरी ओढ त्याला लागली ती दक्षिण सोडल्यावर, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. लांब केसांच्या तरुणांना कंट्री संगीत प्रतिगामी वाटे, आणि कंट्रीच्या श्रोत्यांना हे तरुण उच्छृंखल वाटत. १९६८ मध्ये ‘द बर्ड्‌स’ या रॉक वाद्यवृंदासह पार्सन्सने ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी केली. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मान्यवर व्यासपीठावरही तो गायला. पुढे ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ हा स्वतंत्र वृंद काढला. दोन्ही तटांवरून त्याला स्वीकारापेक्षा संशयच अधिक मिळाला.

‘जीपी’साठी १९७२ मध्ये तो ध्वनिमुद्रणास बसला, तेव्हा त्याने साथीला एल्व्हिस प्रेस्लीच्या संचातील जेम्स बर्टन आणि ग्लेन डी. हार्डिन यांच्यासारखे मुरलेले वादक घेतले. फिडल आणि पेडल स्टील गिटार यांचा जुना बाज त्याने सोडला नाही. तबकडीत अकरा गाणी आहेत. काही त्याची स्वतःची, तर काही परंपरेतून उचललेली. त्यांतील ‘स्ट्रीट्स ऑफ बाल्टिमोर’ हे १९६६ मध्ये बॉबी बेअर यांनी गाजवलेले गीत. पत्नीच्या हौसेखातर शेत विकून शहरात आलेल्या आणि शेवटी एकट्यानेच परतणाऱ्या माणसाची ती कथा आहे. मूळ गावापासून दूर वसलेल्या घरांना त्यातले दुःख वेगळे उलगडून सांगण्याची गरज नाही.

या तबकडीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे एमिलू हॅरिस यांचा स्वर. वॉशिंग्टनच्या छोट्या क्लबांत लोकगीते गाणाऱ्या या तरुणीला पार्सन्सने जॉर्ज जोन्स आणि लूव्हिन बंधू यांच्या गायकीची गोडी लावली. पार्सन्सचा आवाज पट्टीचा नव्हता. तो मधूनच कापे, हळवा होई. हॅरिस यांचा नितळ स्वर त्याला सावरून धरतो, आणि कंट्रीमधील युगुलगायनाची जुनी रीत पुन्हा जिवंत होते.

तबकडी विक्रीच्या यादीत कोठेच चढली नाही. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, मद्य आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेला हा गायक अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला. त्याच्या शोकांतिकेला पुढे जे वलय आले, त्याचे आम्हांस कौतुक वाटत नाही. व्यसनाने एक गुणी माणूस अकाली नेला, एवढेच खरे. त्याची दुसरी तबकडी ‘ग्रीव्हस एंजल’ मृत्यूनंतर, १९७४ मध्ये, प्रकाशित झाली.

परंतु गाणे थांबले नाही. हॅरिस यांनी १९७५ पासून आपल्या तबकड्यांतून तीच वाट रुंद केली. बर्टन आणि हार्डिन त्यांच्याही साथीला बसले. २००८ मध्ये नॅशव्हिलच्या ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये हॅरिस यांना स्थान मिळाले. ज्या परंपरेने गुरूला उंबरठ्यावर ताटकळत ठेवले, तिने शिष्येला सन्मानाने आत घेतले.

वारसा केवळ रक्ताने येत नाही. पार्सन्सने तो दूर राहून शिकून घेतला, आणि ऐकणारे थोडे असतानाही पुढच्या कंठाला सोपवला. कोणत्याही परंपरेचे आयुष्य वाढते ते अशा सोपवण्यानेच, असे आम्ही मानतो.