घरगुती कार्यशाळेतील उष्णतानियंत्रण

घरगुती कार्यशाळेतील उष्णतानियंत्रण म्हणजे घरालगतचे गॅरेज, पडवी किंवा पत्र्याची शेड यांत चालणाऱ्या कामाची जागा उन्हाळ्यात सुसह्य राखण्यासाठी योजलेले उपाय होत. सुतारकाम, वेल्डिंग, दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम यांसारखे व्यवसाय अशा जागांतून चालतात. महाराष्ट्रात हा प्रश्न विदर्भात विशेष तीव्र असतो. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथील कमाल तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. छतावरील उष्णता रोखणे, गरम हवा बाहेर काढणे, आत येणारी हवा थंड करणे आणि कामाच्या वेळा बदलणे असा या उपायांचा क्रम आहे. पहिले दोन उपाय वगळून केवळ यंत्राने हवा थंड करण्याचा प्रयत्न बहुधा खर्चिक आणि अपुरा ठरतो.

उष्णतेची कारणे

निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट सौर ऊर्जा पडते. त्यामुळे ३ मीटर रुंद व ५ मीटर लांब शेडच्या छतावर एका वेळी सुमारे १५ किलोवॅट ऊर्जा येते. तिचा काही भाग परावर्तित होतो व काही वाऱ्याबरोबर निघून जातो. उरलेल्या ऊर्जेने पत्रा तापतो. तुलनेसाठी, एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकते.

तापलेला पत्रा खालच्या माणसाकडे उष्णतेचे प्रारण करतो. म्हणून शेडमधील हवेचे तापमान बाहेरच्या सावलीइतकेच असले, तरी आत अधिक उकडते. पत्रा पातळ असल्याने सूर्यास्तानंतर लवकर निवतो. काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. वेल्डिंग, काँप्रेसर, विद्युत मोटारी आणि नुकतेच बंद केलेले वाहनाचे इंजिन हे उष्णतेचे अंतर्गत स्रोत होत.

छतावरील उपाय

छताला बाहेरून पांढरा रंग देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे सहज सोडतो. कोरा जस्ती पत्रा चकाकत असला, तरी उष्णता सोडण्यात मंद असल्यामुळे उन्हात बराच तापतो. चुन्याचा थर पावसात धुपतो, म्हणून तो दर उन्हाळ्यापूर्वी द्यावा लागतो. धूळ साचल्यास परावर्तन घटते.

छतापासून काही अंतर सोडून वर शेडनेट ताणल्यास पत्र्यावर सावली पडते व मधून वारा खेळतो. आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचा चकाकता पडदा लावायचा झाल्यास पत्रा व पडदा यांच्यामध्ये हवेची पोकळी आवश्यक असते. पत्र्याला थेट चिकटलेला पडदा उष्णता सरळ खाली वाहून नेतो. छतावर तुराट्या वा वाळलेले गवत पसरण्याची जुनी पद्धत परिणामकारक असली, तरी वेल्डिंग चालणाऱ्या ठिकाणी ती धोकादायक आहे. थर्माकोलही ठिणगीने पेट घेतो व जळताना विषारी धूर सोडतो.

वायुवीजन

गरम हवा हलकी असल्याने ती छताखाली साठते. छताच्या उंच भागात झरोका किंवा वाऱ्यावर फिरणारा घुमट पंखा आणि भिंतीच्या खालच्या भागात हवा आत येण्याची वाट असल्यास हवेचा प्रवाह आपोआप चालू राहतो. शक्य असल्यास खालची वाट सावलीच्या बाजूस ठेवतात.

छताच्या पंख्याने हवेचे तापमान कमी होत नाही. घामाचे बाष्पीभवन वाढून शरीर थंड होते. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की हा लाभ घटू लागतो. पंखा ४० अंशांखालीच वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

बाष्पीभवनावर चालणारा कूलर

पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते, या तत्त्वावर कूलर चालतो. दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. कूलरची उपयुक्तता हवेच्या कोरडेपणावर ठरते. तापमान ४३ अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असल्यास चांगला कूलर सुमारे २९ अंशांची हवा देऊ शकतो. कोकण किनाऱ्यावर ३४ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम चार अंशांची घट करतो आणि दमटपणा वाढवतो. विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर मुंबईत क्वचित आढळतो, याचे हे प्रमुख कारण होय.

कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे लागते. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते व गारवा ओसरतो. दमट हवेने हत्यारे गंजतात आणि लाकूड फुगते.

सुरक्षितता

धातूच्या पेटीच्या कूलरला योग्य अर्थिंग व विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आवश्यक असतो. पाणी भरण्यापूर्वी कूलरचा प्लग काढावा लागतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी केल्यास डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास टळते. गारवा टिकवण्यासाठी दारे बंद करून आत इंजिन किंवा जनित्र चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडची प्राणघातक विषबाधा होऊ शकते. पेट्रोल व थिनर यांची वाफही बंद जागेत साठून पेट घेऊ शकते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते घासल्यास किंवा त्यांना भोके पाडल्यास निघणारी धूळ फुप्फुसांस घातक असते. असे पत्रे पायाखाली मोडण्याचाही धोका असतो.

कामाच्या वेळा व आरोग्य

कष्टाची कामे सकाळी लवकर वा संध्याकाळी करणे, दुपारी विश्रांती घेणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पिणे हे कोणत्याही यंत्राविना साधणारे उपाय आहेत. शरीराला उन्हाळ्याची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या लाटेत धोका अधिक असतो.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी व स्नायूंत गोळे ही प्राथमिक लक्षणे होत. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन व्यक्ती असंबद्ध बोलू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास तो उष्माघात समजतात. अशा वेळी रुग्णास सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

सार्वजनिक धोरण

मे २०१० मधील प्राणघातक उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढे तेथे वस्त्यांतील छतांना पांढरा रंग देण्याचे कार्यक्रमही हाती घेण्यात आले. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर केले.