जर्मनचे पातेले

आमच्या नळदुर्गात जुन्या बायका अजूनही अॅल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मनचे' भांडे म्हणतात. आईच्या चुलीवरचे असे एक पातेले मला चांगले आठवते. हातातून निसटले की पोचा पडलाच! विमानाचे अंग याच धातूचे असते, असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा गुरुजी थापा मारतात असेच मला वाटले.

गुरुजी खरे बोलत होते, पण अर्धेच. शुद्ध अॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या एकतृतीयांश, पण मऊ. त्याला बळ दिले ते, योगायोग पाहा, एका जर्मनानेच. आल्फ्रेड विल्म त्याचे नाव. १९०६ साली बर्लिनजवळच्या प्रयोगशाळेत तो काडतुसांसाठी पितळेच्या जागी चालेल असा धातू शोधीत होता. त्याने अॅल्युमिनियममध्ये शेकडा चारच्या आसपास तांबे आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातले, तो मिश्रधातू तापवला आणि पाण्यात बुडवून थंड केला. लोहाराने पाणी पाजलेले पोलाद तत्काळ कठीण होते. हा तुकडा मऊच राहिला. काही दिवसांनी पुन्हा तपासतो तो काय, तुकडा आपोआप कठीण झालेला! ना भट्टी, ना हातोडा; नुसता पडून राहिला एवढेच. आत तांब्याचे अणू सावकाश जमून बारीक पुंजके करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत, हा उलगडा गिनिए व प्रेस्टन यांनी १९३८ साली केला. विल्म १९३७ सालीच वारला होता. धातूंचे काम सोडून तो शेतीकडे वळला होता.

त्याच्या मिश्रधातूला ड्युरालुमिन म्हणू लागले. पुढे जस्ताचा भर घातलेले याहूनही बळकट प्रकार निघाले. विमानांत आणि शर्यतीच्या मोटारींत आज त्यांचे भाग असतात.

आता आपल्याकडे या. नळदुर्गहून हैदराबादची सडक उलटी धरली की पन्नासेक किलोमीटरवर सोलापूर. तिथे १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात विमानातच त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली, आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जुळणी केलेले हार्लो विमान उडाले. ते लाकूड-कापडाचे नव्हते, संपूर्ण धातूचे होते. सुई परदेशातून येत असे म्हणतात त्या काळात हे धाडस!

पण युद्ध दाराशी आले, आणि १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. त्यांना मोबदला मिळाला; कारखाना गेला तो गेलाच. १९५३ साली ते वारले. १९६४ साली त्या कंपनीचे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स झाले आणि आपल्या नाशिकजवळ ओझरलाही मिग विमानांचा कारखाना निघाला.

वर्गात हा भाग आला की मी घरून आईचे ते पातेले नेतो आणि मुलांना पोचा दाबून पाहायला सांगतो.