बादली गळते का, आधी बघा

आज जाऊया फिलाडेल्फियात. ७ डिसेंबर १७३६. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी ‘युनियन फायर कंपनी’ काढली. नावात कंपनी, पण पगार कुणालाच नाही. सगळे गावातलेच लोक, जास्तीत जास्त तीस.

प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला मजबूत पिशव्या घरी ठेवायच्या. खरी मेख पुढे आहे. नुसत्या ठेवायच्या नाहीत, कायम वापरण्याजोग्या ठेवायच्या! चामडं वाळलं की तडकतं, शिवण उसवते. बादली गळते हे आगीसमोर उभं राहून कळलं तर काय उपयोग? तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच प्रकार.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी भेटायचं, आगीबद्दल सुचलेलं एकमेकांना सांगायचं. दांडी मारली तर दंड. आणि गंमत बघा, फ्रँकलिन आत्मचरित्रात सांगतो की अशा दंडाच्या पैशांतूनच बंब, शिड्या, आकडे घेतले गेले. म्हणजे आळससुद्धा शेवटी आग विझवायच्या कामी आला!

मी सॉफ्टवेअरवाला. रोज घेतलेला बॅकअप ऐन वेळी उघडलाच नाही, हे मी भोगलंय. कारण तो उघडून कुणी बघितलाच नव्हता.

तर मंडळी, तुमच्या जिन्यातल्या त्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? आज उतरताना बघाच.