तळटीप १४ : नाव वर कळवणे

दिघोरीच्या (ता. लाखांदूर) विडी वळणाऱ्या बायकांनी इथे मागितलेली, नाव वर कळवण्याची गोष्ट कायद्यातलीच होती. १९५२च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार, दर महिन्यात निधीचे सभासद होण्यास पात्र ठरलेल्या नव्या कामगारांची नावे मालकाने महिना संपल्यापासून १५ दिवसांत आयुक्तांकडे ‘फॉर्म ५’मध्ये कळवायची असत, कोणी काम सोडले तर तेही. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७मध्ये लागू झाला. भंडारा जिल्ह्यात विड्या घरोघरी वळल्या जातात आणि मालक व कामगारीण यांच्यामध्ये ठेकेदार असतो. त्यामुळे ‘या आमच्या कामगारच नाहीत’ असा मालकांचा बचाव असे. पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खराब विड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तेव्हा कामावर नियंत्रणही त्याचेच, म्हणून घरी काम करणारी बाईसुद्धा कामगारच, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पानतंबाखू मोजून देणाऱ्याच्या वहीत बाईचे नाव असतेच. तेच नाव सरकारदरबारी गेले नाही, तर म्हातारपणी निधी किंवा पेन्शन मागताना ती इतकी वर्षे कामावर होती हे सिद्ध करण्याचा भार तिच्याच डोक्यावर येतो. — संपादक