अक्सूमचा स्तंभ: रोमला गेला, परत आला

इथिओपियाच्या उत्तरेकडील डोंगराळ पठारावर, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, अक्सूम वसले आहे. आज लहानसे भासणारे हे नगर एके काळी तांबड्या समुद्राच्या व्यापारावर वर्चस्व गाजवणाऱ्या साम्राज्याची राजधानी होते. चौथ्या शतकात राजा एझानाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला.

प्रवाशाची नजर खिळते ती मात्र अखंड पाषाणातून घडवलेल्या स्मृतिस्तंभांवर. त्यांवर दारे, खिडक्या, मजले कोरलेले; जणू दगडी प्रासादच! सर्वांत मोठा, सुमारे ३३ मीटरांचा स्तंभ तुकडे होऊन पडला आहे. बहुधा तो उभारतानाच कोसळला असावा.

सुमारे २४ मीटरांच्या दुसऱ्या स्तंभाची कथा निराळी. १८९६ मध्ये जवळच्याच अडवा येथे सम्राट दुसरा मेनेलिक याने इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडवला होता. तो सल इटलीच्या मनातून गेला नाही. चाळीस वर्षांनी मुसोलिनीने हा देश जिंकला आणि भंगून पडलेला हा स्तंभ १९३७ मध्ये रोमला नेऊन, सांधून उभा केला.

१९४७ च्या तहात इटलीने लूट परत करण्याचे मान्य केले. स्तंभ परतला २००५ मध्ये! तो सुमारे १६० टनांचा, हे खरे; पण ५८ वर्षांचा विलंब काही वजनामुळे झाला नव्हता.

तीन तुकड्यांत तो विमानाने आला. उभारणीपूर्वी जमिनीची पाहणी झाली, तेव्हा खाली आणखी भुयारी थडगी असल्याचे आढळले. २००८ मध्ये स्तंभ पुन्हा उभा राहिला.