मुख्य विषय आणि त्याचा सोबती

दादरा व नगर हवेली या प्रदेशात सिल्वासाच्या परिसरात गलोंडा नावाचे एक गाव आहे. वारली, धोडिया, कोकणा या आदिवासी समाजांची ही भूमी. येथे घरात एक बोली, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी आणि कचेरीत चौथी भाषा कानावर पडते. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांची येथे ये-जा असते. अशा गावातील मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा उतरून महाविद्यालयाच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. मुख्य विषय कोणता, हे बहुधा आधीच ठरलेले असते. परंतु त्याच्या जोडीला दुय्यम विषय कोणता घ्यावयाचा? विद्यार्थी यालाच ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणतात. पहिल्या प्रश्नावर घरात आठवडाभर चर्चा होते. दुसऱ्याचा निकाल बहुतेक वेळा प्रवेशाच्या रांगेतच लागतो. मैत्रिणीने जो घेतला तो, ज्याचा तास सोयीच्या वेळी असतो तो, किंवा ज्यात गुण बरे मिळतात असे ऐकिवात असते तो. या घाईत काय हातचे जाते, याचा विचार करण्यास इतिहासासारखा दुसरा मार्गदर्शक नाही.

ही मुख्य-दुय्यम विभागणी फार जुनी नाही. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्याच्या प्रारंभीच्या पदवी परीक्षांत विद्यार्थ्याला भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र अशा निरनिराळ्या प्रांतांत एकाच वेळी संचार करावा लागे. निवडीला वाव थोडा होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1869 पासून याच्या अगदी उलट मार्ग धरला. विद्यार्थ्याने आपल्या रुचीनुसार विषय निवडावेत, असे त्यांचे मत होते. बाल्टिमोर येथे 1876 साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 1877-78 च्या माहितीपुस्तकात ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द अभ्यासक्रमाच्या संदर्भात पहिल्यांदा आले, असे मानले जाते. पुढे हार्वर्डमध्येच मोकळ्या निवडीचा अतिरेक झाल्याची जाणीव झाली. एलियट यांच्यानंतर 1909 साली अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि इतर विषयांत विस्तार, असा नियम घालून दिला. सर्वच विषय सक्तीचे केले तर रुची मरते, सर्वच ऐच्छिक केले तर शिस्त मरते. या दोहोंमधून काढलेली वाट म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय.

महाराष्ट्रालाही ही कल्पना परकी राहिली नाही. 1949 साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात कलाशाखेचे विद्यार्थी ‘स्पेशल’ आणि ‘जनरल’ अशी भाषा करीत आले. 29 जुलै 2020 रोजी केंद्र शासनाने नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर केले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 श्रेयांक धरले आहेत. त्यांपैकी 60 मुख्य विषयाचे आणि 24 दुय्यम विषयाचे. चार वर्षांच्या पदवीत हेच आकडे 160, 80 आणि 32 असे होतात. म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा दुय्यम विषयाच्या स्वाधीन आहे. पाचवा हिस्सा जमीन कोणी न पाहता घेत नाही. विषय मात्र न पाहता घेतला जातो.

दुय्यम विषय एखाद्या आयुष्याला कोणते वळण देऊ शकतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्या उदाहरणाची सुरुवात मात्र निवडीने झाली नाही; ती निवड नाकारली जाण्याने झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावयाची होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील मुलाला संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. त्या वयातील एका मुलाच्या वेळापत्रकातील हा किरकोळ बदल, असे कोणासही वाटले असेल.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. प्रोफेसर सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. परंतु त्यांनी कोलंबियात घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहण्याजोगी आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्येकी एक. 1915 साली त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली.

या यादीत मानववंशशास्त्राचा वाटा अवघा चार अभ्यासक्रमांचा. 29 च्या शेजारी चार म्हणजे पंक्तीच्या कडेला बसलेला पाहुणाच! परंतु 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय होता हिंदुस्थानातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि वाढ. जातीतल्या जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातिसंस्थेचे मर्म आहे, आणि वरच्या वर्गाचे अनुकरण करीत ती पसरली, असे त्यात त्यांनी मांडले. 1917 च्या मे महिन्यात हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे 1936 साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणाच्या रूपाने जी विचारधारा देशापुढे आली, तिचे बीज या दुय्यम विषयाच्या निबंधात आहे.

याचा अर्थ मुख्य विषय वाया गेला असा नव्हे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ 1925 साली आणि रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे स्थान वादातीत आहे. अर्थशास्त्राने त्यांना आकडे आणि पुरावे तोलण्याची शिस्त दिली. पण माणसाने माणसाला दूर का ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत सापडत नव्हते. मुख्य विषय जेथे थांबत होता, तेथून पुढची वाट त्यांना दुय्यम विषयाने दाखविली.

आणि शाळेत बंद झालेले ते संस्कृतचे दार? ते चाळीस वर्षांनी पुन्हा आडवे आले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा त्यांचा ग्रंथ 1946 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा संस्कृतावर अधिकार नसताना या विषयात हात का घातला, या आक्षेपाचे उत्तर त्यांना प्रस्तावनेतच द्यावे लागले. संस्कृत ग्रंथांची बहुतेक भाषांतरे इंग्रजीत उपलब्ध आहेत, आणि वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केलेल्या माणसाला बोलण्याचा अधिकार आहे, असे ते उत्तर होते. उत्तर सडेतोड होते. परंतु एका मुलाला नाकारलेल्या विषयाचा हिशेब त्याच्या उतारवयातही चुकता होत नाही, हे त्यातून दिसल्यावाचून राहत नाही.

न्यूयॉर्क आणि मुंबई येथील ही गोष्ट गलोंड्यातील विद्यार्थ्याला दूरची वाटेल. म्हणून त्याच्या स्वतःच्या भूमीचा इतिहास घेऊ. इतिहास हा मुख्य विषय घेऊन त्याने आपल्या गावाचाच शोध घ्यावयाचे ठरविले, तर काय होईल?

पहिली गाठ पुण्याशी पडेल. 1779 च्या डिसेंबरात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्यास करार झाला. त्यान्वये दमणच्या बाजूस बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांस देण्याचे ठरले, आणि 1783 व 1785 साली नगर हवेली व दादरा यांची गावे त्यांच्याकडे गेली. पेशवे दरबारचे कागद मोडी लिपीत आहेत. पुढील जवळजवळ 171 वर्षांचा राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत आहे. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली; 2 ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला आणि 26 जानेवारी 2020 पासून तो दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या विद्यार्थ्याजवळ केवळ ‘इतिहास’ हा विषय आहे, मोडीही नाही आणि पोर्तुगीजही नाही, त्याला आपल्याच गावाच्या दप्तराबाहेर उभे राहावे लागेल.

या कागदांतील शब्दांना किती मोल होते, हे एका मोठ्या खटल्यात दिसून आले. प्रदेश हातचा गेल्यावर पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या प्रदेशात भारतीय भूमीवरून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. भारताची बाजू मांडण्यास महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते. अठराव्या शतकातील करार आणि सनदा न्यायमूर्तींपुढे उलगडल्या गेल्या. प्रश्न असा पडला की, मराठ्यांनी पोर्तुगिजांस दिले ते राज्य की केवळ महसूल? 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क; सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले होते. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता. आणि 1954 साली भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असाही निर्णय झाला.

हा खटला कायद्याचा होता. परंतु कायद्याचे ज्ञान एकटे तेथे पुरे पडले नसते. ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ समजण्यास मराठेशाहीच्या महसूलपद्धतीचा इतिहास हवा, सनद वाचावयास लिपी हवी, प्रतिपक्षाचे कागद तपासावयास त्याची भाषा हवी. एका शब्दाच्या अर्थावर गलोंड्यासारख्या गावांच्या दोन शतकांचा अर्थ अवलंबून होता.

असे काम आयुष्यभर केलेला एक अभ्यासक गोव्यात होऊन गेला. पांडुरंग पिसुर्लेकर (1894-1969) हे दीर्घ काळ गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख होते. त्यांना इतिहासाची दृष्टी होती, आणि मराठी व पोर्तुगीज या दोन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. पोर्तुगीज दप्तरांत दडलेला मराठ्यांचा इतिहास त्यांनी बाहेर काढला. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ 1967 साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यांच्याआधी मराठ्यांचा इतिहास जाणणारे पुष्कळ होते आणि पोर्तुगीज जाणणारेही पुष्कळ होते; दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र येणे दुर्मिळ होते. जोडविषयाचे महत्त्व नेमके याच सांध्यात आहे.

तेव्हा निवडीची कसोटी अवघड नाही. मुख्य विषयाला एक प्रश्न विचारावा: तुला एकट्याला काय करता येत नाही? जे उत्तर येईल, तेथे दुय्यम विषय शोधावा. इतिहासाला बहुधा भाषा लागते. अर्थशास्त्राला गणित किंवा समाजशास्त्र लागते. सिल्वासाच्या कारखान्यांत नोकरी करू इच्छिणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचे शास्त्र उपयोगी पडेल. आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी वारली मुलगी भाषाशास्त्राकडे वळली, तर आजीच्या तोंडी असलेली झाडापाल्यांची नावे तिच्याइतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणास टिपता येणार नाहीत. मुख्य विषयासारखाच दुसरा विषय घेतल्यास श्रम वाचतात, पण एकाच खिडकीतून दोनदा पाहिल्यासारखे होते. मुख्य विषयाशी काहीच नाते नसलेला विषय घेतल्यास दोन खिडक्या मिळतात, पण दोन वेगळ्या घरांच्या.

येथे एक अडचण दृष्टिआड करता येणार नाही. धोरणाच्या कागदावर निवड विपुल असते. खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ती तितकी नसते. जो विषय शिकविणारा अध्यापक महाविद्यालयात आहे, तोच घ्यावा लागतो. पोर्तुगीज शिकावयाची तर गोवा विद्यापीठाकडे पाहावे लागते. मोडीसाठी कोठेतरी भरणारा वर्ग शोधावा लागतो. आता कोणी कोणाला जातीमुळे एखाद्या विषयाच्या वर्गाबाहेर ठेवू शकत नाही. तसे करणे कायद्याने गुन्हा ठरेल. परंतु विषयच उपलब्ध नसेल, तर दार उघडे आहे असे म्हणण्यात अर्थ किती उरतो? नकार देणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी रिकामी खुर्ची आली, एवढाच फरक झाला तर तो पुरेसा नव्हे. म्हणून हा प्रश्न जितका विद्यार्थ्याचा आहे, तितकाच विद्यापीठांचा आणि शासनाचाही आहे.

‘दुय्यम’ हा शब्द श्रेयांकांच्या हिशेबापुरता खरा आहे. 24 हा आकडा 60 पेक्षा लहान आहे, यात वाद नाही. परंतु कोलंबियातील चार अभ्यासक्रमांनी काय घडविले ते इतिहासात नमूद आहे, आणि एका सनदेतील एका शब्दाने हेगमध्ये काय ठरविले तेही नमूद आहे. गलोंड्याहून निघालेल्या विद्यार्थ्याने प्रवेशाच्या अर्जावर दुसऱ्या विषयाचे नाव लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबवावी. आपल्या गावाचे जुने दप्तर अजून वाचणाऱ्याची वाट पाहत आहे, एवढे त्याने त्या क्षणी आठवले तरी पुष्कळ झाले.